वाचकांचे प्रश्न : आधी मॉनिटर, मग कार्ड, मग प्रोसेसर

नवा गेमिंग पीसी जुळवायला निघालेल्या वाचकांच्या पत्रांपैकी प्रोसेसरविषयीची सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. सुट्या भागांचे भाव आठवड्याला बदलतात, त्यामुळे उत्तरांत रुपयांचे आकडे दिलेले नाहीत.

प्रश्न : मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला गेमिंग आणि कॉलेजचे प्रोजेक्ट, दोन्हींसाठी पीसी हवाय. आमची तयारी ऐंशी हजारांपर्यंतची. दुकानदार म्हणतात, ‘आय-७ घ्या, दहा वर्षं बघायला नको.’ ऑनलाइन तर ‘आय-७ गेमिंग पीसी’ पंचवीस हजारांतही दिसतो. मुलीचं म्हणणं, रायझन ५ पुरे, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. कुणाचं ऐकावं?
— एक पालक, सातारा

उत्तर : मुलीचं ऐका.

पंचवीस हजारांच्या ‘आय-७’चं आधी सांगतो, कारण त्यात बरेच पालक फसतात. आय-७ म्हणजे इंटेल कंपनीची एक श्रेणी, रायझन ही तिची स्पर्धक एएमडीची. प्रोसेसर किती जुना आहे ते त्यापुढच्या आकड्यावरून कळतं. आय७-४७७० हाही आय-७च, पण तो २०१३चा : चार कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) आणि डीडीआर३ ही जुन्या पिढीची रॅम. या पीसींत बहुतेकदा कंपन्यांनी काढून टाकलेल्या संगणकांचे प्रोसेसर, नवं कॅबिनेट आणि रंगीत दिवे असतात. २०२२चा आय५-१२४००एफ त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर बसत नाहीत आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. जुन्या बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर, त्या मिळणं कठीण. म्हणून जाहिरातीत पूर्ण मॉडेल क्रमांक नसेल तर पुढे बोलूच नका.

आता नव्या पीसीविषयी. गेममध्ये प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासाठी, दोन कामं होतात. कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, कुठली वस्तू पडली, हा हिशोब करून काय काय काढायचं याची यादी प्रोसेसर तयार करतो. त्या यादीवरून प्रत्यक्ष चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. पडद्याचं रिझोल्युशन १०८०पीवरून ४केवर गेलं की पिक्सेल चौपट होतात आणि कार्डाचं काम त्या मानाने वाढतं, प्रोसेसरची यादी मात्र जवळपास तेवढीच राहते. थोडक्यात, सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम निघतील ते प्रोसेसर ठरवतो आणि त्या फ्रेम किती देखण्या असतील ते कार्ड ठरवतं.

म्हणून पहिला प्रश्न मॉनिटरचा. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्या वेळात आजचा कुठलाही सहा कोअरचा प्रोसेसर काम उरकतो. १४४ हर्ट्झला ६.९ मिलिसेकंद आणि २४० हर्ट्झला जेमतेम ४.२ मिलिसेकंद. मुलगी व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ जास्त हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणार असेल तर प्रोसेसरचं वजन वाढतं. सायबरपंक २०७७सारखे चित्राला जड गेम खेळणार असेल तर कार्डाचं.

तुमच्या रकमेत १०८०पी, १४४ हर्ट्झ हे योग्य लक्ष्य आहे. त्यासाठी एएमडीचा रायझन ५ ७६०० किंवा ७५००एफ घ्यावा. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं) आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). दोन्ही एएम५ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), आणि २०२७ व त्यापुढेही या सॉकेटला आधार देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणजे तीन-चार वर्षांनी बोर्ड आणि रॅम तीच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल. ‘दहा वर्षं बघायला नको’ ही इच्छा रास्त आहे, पण ती पुरी होते ती अशी टप्प्याटप्प्याने. आजच महागडी श्रेणी घेऊन नाही.

इंटेलकडे आय५-१२४००एफ हा अजूनही प्रामाणिक पर्याय आहे. घरात डीडीआर४ रॅम पडून असेल आणि ती वापरायची असेल तर तो विशेष परवडतो, कारण २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि नव्या पीसीच्या हिशोबात रॅम हा एक मोठा खर्च होऊन बसला. मात्र तो ज्या सॉकेटात बसतो त्याचा प्रवास चौदाव्या पिढीला संपला.

एकूण रकमेचा साधारण सहावा भाग प्रोसेसरला आणि तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त कार्डाला, हे प्रमाण धरा. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र काटकसर नको. नाव नसलेला स्वस्त एसएमपीएस जळताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही सोबत घेऊन जातो. आणि घरातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. गेम चालू असताना असा पीसी मॉनिटरसह ३०० वॉटच्या आसपास जातो, म्हणजे यूपीएस अगदी काठावर. १००० व्हीएचा घ्या.

प्रश्न : रायझन ५ ५६००, ५६००जी, ५५०० यांत नक्की फरक काय? नाव जवळजवळ सारखंच. कार्ड घ्यायला आत्ता पैसे नाहीत, म्हणून ५६००जी घेऊन वर्षभराने कार्ड लावायचा विचार आहे.
— वाचक, जळगाव

उत्तर : नावं सारखी असली तरी आतली चिप वेगळी आहे. ५६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधला माहितीचा रस्ता) मिळतं. ५६००जीमध्ये कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस ३.०. बदल्यात आत बऱ्यापैकी ग्राफिक्स. ५५०० म्हणजे ५६००जीमधून ग्राफिक्स वजा केलेला. तो ५६००चा धाकटा भाऊ वाटतो, पण तसा नाही.

कॅश अर्धी असण्याने काय बिघडतं? प्रोसेसरला हवी ती माहिती एल३मध्ये सापडली तर साधारण १० नॅनोसेकंदांत हाती येते. तिथे नसेल तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि त्यात ७०-८० नॅनोसेकंद जातात. गेममध्ये हजारो लहान वस्तूंची माहिती सारखी उचलावी लागते, त्यामुळे या फेऱ्या लगेच जाणवतात. एएमडीचे नावात ‘एक्स३डी’ असलेले प्रोसेसर गेममध्ये पुढे का असतात याचं उत्तरही हेच : ३२ एमबीला आणखी ६४ एमबीचा थर जोडून ते ९६ एमबी कॅश देतात.

पीसीआयची गोष्ट त्याहून खोलातली. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ७६०० ही कार्डं सोळाऐवजी आठच लेन वापरतात. आवृत्ती ४.०वर आठ लेन पुरतात, ३.०वर तोच रस्ता निम्मा होतो. कार्डाची ८ जीबी मेमरी भरून माहिती रॅममधून ओढायची वेळ आली की गेम अडखळतो. म्हणून कार्ड सहा महिन्यांत येणार असेल तर ५६००जीच्या वाटेला जाऊ नका. पीसीआय एक्सप्रेस ४.० देणारा बी५५० बोर्ड आणि ५६०० घ्या आणि तोवर कुणाचं साधं जुनं कार्ड लावून काम भागवा. ५६००ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. एएम५वरच्या ८५००जीलाही लेनची अडचण आहे, तो कार्डाला फक्त चार लेन देतो.

बाकीची अक्षरं पटकन : इंटेलमध्ये ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ठरवलेल्याहून जास्त वेगाने चालवायला, मोकळा. एएमडीचा ‘एफ’ही तोच अर्थ सांगतो, ‘एक्स’ म्हणजे थोडा जास्त वेग आणि बहुधा डब्यात कूलर नाही.

प्रश्न : माझ्याकडे बी४५० बोर्ड, रायझन ५ २६००, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०६० आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तरी गेम ८०-९० फ्रेमच्या वर जात नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३५-४० टक्केच वापरात दिसतो, मग दोष कार्डाचाच ना? सगळा पीसी बदलावा का?
— वाचक, नाशिक

उत्तर : सगळा बदलू नका. आणि टास्क मॅनेजरचा तो आकडा दिशाभूल करतो. तुमच्या प्रोसेसरला बारा थ्रेड आहेत. गेमचं मुख्य काम त्यातल्या एकावर चालून तो पूर्ण ताणला गेला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा सव्वाआठ टक्क्यांचा. बाकीचे थ्रेड अर्धे रिकामे बसतात आणि सरासरी ३५ दिसते.

खरी चाचणी पाच मिनिटांची. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावून कार्डाचा वापर पडद्यावर दिसेल असं करा. गेममधली गर्दीची एक जागा निवडा आणि तिथे उभं राहून फ्रेम लिहून ठेवा. मग बाकी सेटिंग न बदलता फक्त रिझोल्युशन १०८०पीवरून ७२०पी करा. फ्रेम ८५च्या ९० झाल्या तर अडवणारा प्रोसेसर. त्या १३०वर उडाल्या तर अडवणारं कार्ड. पहिल्या मोजणीत कार्ड ९७-९९ टक्के दिसत असेल तर ते पूर्ण राबतंय, ६०-७०वर रेंगाळत असेल तर ते प्रोसेसरची वाट बघत बसलंय. तुमची जोडी पाहता प्रोसेसरच अडवत असण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते, तरी पैसे घालण्याआधी मोजा.

रॅमची एकच पट्टी आहे का तेही बघा. १६ जीबीची एक पट्टी असेल तर ८-८च्या दोन करून, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या की कित्येक गेममध्ये अडखळणं बरंच कमी होतं. हा सगळ्यात स्वस्त इलाज.

प्रोसेसरच बदलायचा ठरला तर ५६०० हा सरळ पर्याय. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी वाजवी भावात मिळाला तर त्याहून उत्तम, पण ५८००एक्स३डी १०५ वॉटचा आहे. २६००सोबत आलेला छोटा कूलर त्याला पुरणार नाही आणि हलक्या बी४५० बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भागही तापतो. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलची प्रोसेसर-यादी उघडा, त्यात नवा प्रोसेसर बायोसच्या (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं.

क्रम चुकला तर इथेच घोळ होतो. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं. आधी प्रोसेसर काढून बसलात तर बोर्ड नव्याला ओळखणार नाही. त्याच्याही आधी, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा. नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्यांदा पीसी सुरू होताना एफटीपीएम (त्या कुलुपाची किल्ली सांभाळणारी सोय) रीसेट करायचं का, असं विचारलं जातं. की हाताशी नसताना ‘वाय’ दाबलं तर डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद.

आता कूलर काढणं. तुमच्या बोर्डाचं सॉकेट एएम४, म्हणजे एएम५च्या आधीचं. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटची पकड त्यांच्यापुरतीच. काही वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून डिंकासारखी होते. कूलर सरळ वर ओढला तर खटका बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा. पीसी बंद करा, वायर काढा, कूलरचे स्क्रू सोडवा. मग कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे पिळा, झाकण उघडताना पिळतो तसा. पकड सुटल्याचं हाताला कळतं. त्यानंतरच उचला. कूलरचे स्क्रू काढताना बोर्डामागची धातूची पट्टी सुटून खाली पडते, तिला मागून हात धरा. नवा प्रोसेसर ठेवताना त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बोटाने दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय. पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी, आणि स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा, एकच कोपरा पूर्ण आवळून मोकळे होऊ नका.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे ४५ अंशांवर पारा जातो, खोलीत एसी नाही, कूलर आहे. ९८००एक्स३डी घेतो आहे. वॉटर कूलिंग लागेलच का? आणि इंटेलचे प्रोसेसर खराब होतात असं ऐकतो, ते खरं का?
— वाचक, चंद्रपूर

उत्तर : पीसीतला कुठलाही कूलर, पाण्याचा असो की हवेचा, प्रोसेसरची उष्णता खोलीच्याच हवेत सोडतो. त्यामुळे खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की प्रोसेसरचं तापमानही साधारण तेवढंच, पंधरा अंशांनी चढतं. कूलरची निवड हिवाळ्यात नाही, मे महिना डोळ्यांसमोर ठेवून करायची.

तुमची निवड याला अनुकूल आहे. ९८००एक्स३डीवर १२० वॉट लिहिलेलं असलं तरी बहुतेक गेममध्ये तो त्याहून बराच कमी घेतो. शिवाय या पिढीत जादा कॅशचा थर कोअरच्या खाली गेला आहे, त्यामुळे उष्णता वर कूलरपर्यंत नीट पोचते. आधीच्या ७८००एक्स३डीमध्ये हा थर कोअरच्या डोक्यावर होता आणि त्याची मर्यादा ८९ अंशांवर ठेवलेली होती. चांगला दुहेरी टॉवरचा, दोन पंख्यांचा एअर कूलर तुम्हाला पुरेल. त्यात पंप नाही, पाणी नाही, पंखा बिघडला तर दुसरा बसवला की झालं. वाचलेले पैसे जाळीदार पुढच्या भागाच्या कॅबिनेटमध्ये घाला : पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा.

दोन गोष्टी तुमच्या भागासाठी खास. धुळीची जाळी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी झटका. आणि घरातल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, त्या हवेत ओलावा आणि क्षाराची बारीक धूळ असते.

इंटेलचं ऐकलंत ते खरं आहे, पण सरसकट नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू अस्थिर होत होते. गेम मध्येच बंद पडायचा, कधी कार्डाची मेमरी कमी असल्याचा खोटाच संदेश यायचा. २०२४च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये इंटेलने मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या काढल्या आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या दुरुस्त्या पुढचं नुकसान थांबवतात, झालेलं भरून काढत नाहीत. म्हणून त्या पिढ्यांतला आय-७ किंवा आय-९ वापरलेला घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. बाराव्या पिढीला हा त्रास नाही.

प्रश्न : काल एएम५चा पीसी जोडला. रायझन ५ ९६००एक्स, बी६५० बोर्ड. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले नाही. तीनदा बंद-चालू केला. प्रोसेसर खराब निघाला का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : नवा प्रोसेसर खराब निघणं फार विरळा. घाईच बहुतेकदा नडते. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ रॅमशी जुळवणी करतो. त्यात काही मिनिटं पडदा काळा राहतो, रॅम जास्त असेल तर दहा-पंधरासुद्धा. मध्येच बंद केलं की पहिल्यापासून सुरू. तेव्हा आता चालू करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका.

तरीही काही नाही तर मॉनिटरची वायर कार्डाला आहे की बोर्डाला ते बघा, ती कार्डाला हवी. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर बघा. तीच प्रोसेसरची वीज, आणि कॅबिनेटच्या कोपऱ्यात दडलेली असल्याने हमखास विसरते. बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (कार्ड), बूट. अडचण जिथे आहे तिथला दिवा पेटलेला राहतो. डीरॅमचा पेटलेला असेल तर एकच पट्टी प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या खाचेत लावून बघा.

सीपीयूचा पेटला असेल तर तुमच्या बाबतीत एक दाट शक्यता आहे. ९६००एक्स ऑगस्ट २०२४चा आणि बी६५० बोर्ड त्याआधीपासून बाजारात आहेत. दुकानातला बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचा बायोस या प्रोसेसरला ओळखत नाही. बोर्डामागे बायोस फ्लॅशबॅकचं (पीसी सुरू न करता बायोस बदलण्याचं) बटण असेल तर काम सोपं आहे. पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा, ताजी बायोस फाइल त्यात टाका, तिला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, खूण केलेल्याच यूएसबीत लावा आणि दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबा. दिवा विझेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून हे यूपीएसवरच करा.

पीसी सुरू झाला की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर ६०००ची म्हणून घेतलेली रॅम ४८००वरच चालत राहते आणि कित्येकांना ते वर्षानुवर्षं कळतही नाही.

प्रश्न : डब्याशिवाय ‘ट्रे’ प्रोसेसर बराच स्वस्त मिळतोय. घ्यावा का?
— वाचक, फोंडा

उत्तर : चिप तीच असते, वॉरंटी वेगळी असते. डब्यातल्या प्रोसेसरला एएमडी आणि इंटेल थेट तीन वर्षांची वॉरंटी देतात, ट्रेच्या मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर. कूलरही मिळत नाही, त्याची किंमत धरल्यावर फरक किती उरतो ते आधी बघा. घ्यायचाच तर जीएसटीच्या पक्क्या बिलावर मॉडेल, प्रोसेसरवर कोरलेला क्रमांक आणि किती वर्षांची वॉरंटी हे तिन्ही दुकानदाराकडून लिहून घ्या. एएम४चा असेल तर पैसे देण्याआधी पिना उजेडात तिरप्या धरून पाहा. रांगा दोन्ही दिशांनी सरळ दिसल्या पाहिजेत.